उसात वाजलेले चार

मित्रांनो, जुन्या घड्याळांतले मी एक बोलके, खिशात मावणारे घड्याळ. स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या एका कारागिराने दोन हिवाळे खपून मला घडवले. माझ्या पोटात दोन इवल्या हातोड्या आहेत. तास भरला की मी आपणहून तितके ठोके देते. कडेला एक बारीक खटका आहे. तो खाली ओढला तरच मी गप्प राहते.

पाचगणीचे एक साहेब विलायतेला परत निघाले, तेव्हा उंब्रजच्या नानासोंनी मला घेतले. नानासो गुळाचे व्यापारी, पण त्यांचा सगळा जीव स्विस घड्याळांत. चंद्राच्या कला दाखवणारे, लीप वर्षाचा फेब्रुवारी ओळखणारे, अशी बारा घड्याळे त्यांच्या कपाटात होती. आम्हाला तेल द्यायला सांगलीहून घड्याळजी बिराप्पा येत. बाकी कुणी हात लावायचा नाही. मी वाजू लागले की नानासो बोलता बोलता थांबत. माझा खटका त्यांनी कधीच ओढला नाही.

१९४३ सालच्या हिवाळ्यात, एका दुपारी साडेतीनला, मागच्या दाराने हरी आला. हा त्यांच्या पत्नी लीलाबाईंचा धाकटा भाऊ. चळवळीत पडल्यापासून तो भूमिगत होता.

"दाजी, एक घड्याळ द्या. सातला नदीकाठी माणूस येणार हाय. येळ चुकली तर त्यो धरला जाईल."

नानासो घुटमळले.

"आवं, द्या की," लीलाबाई म्हणाल्या.

नानासोंनी सगळ्यांत अचूक घड्याळ काढले. ते मी. तेवढ्यात पुढच्या दारावर थाप पडली. मला बंडीच्या खिशात टाकून हरी मागच्या उसात शिरला.

घरात काय झाले ते मला पुढे कळले. फौजदार ओसरीवर बसला आणि शिपाई उसाकडे गेले, तेव्हा हरीला खटका सांगायचा राहिल्याचे नानासोंना आठवले. हाक मारावी तर हरी सापडणार. न मारावी तरीही. ते फौजदारासमोर भिंतीकडे बघत बसून राहिले.

उसात कृष्णात नावाच्या शेतकऱ्याने हरीला पाचटाखाली झाकले होते. शिपाई अगदी जवळून पुढे गेले. आणि चार वाजले.

मला थांबता येईना. पहिल्या ठोक्याला हरीने मला मुठीत आवळले, दुसऱ्याला पोटाशी दाबले. चौथा ठोका कुणी ऐकला नाही. त्याआधीच बंदूक वाजली होती.

शिपाई पोचायच्या आत कृष्णातने मेलेल्या हरीच्या मुठीतून मला काढून ओल्या सरीत पुरले. मार खाऊन, दोन महिने कोठडीत काढून तो सुटला आणि मला घेऊन नानासोंकडे आला.

"ह्ये वाजतं, तुमास्नी ठावं हुतं?"

"व्हय."

"मग त्याला सांगितलं का न्हाई?"

दाराआड लीलाबाई ऐकत उभ्या होत्या.

कृष्णात गेल्यावर नानासो हळूच म्हणाले, "बिराप्पाला सांगून ह्याच्या हातोड्या काढून टाकतो."

"न्हाई," लीलाबाई म्हणाल्या. "दुरुस्त करून आणा. दर तासाला वाजू द्या."

तेव्हापासून कपाटातली अकरा घड्याळे बंद आहेत. रोज चावी मिळते ती मलाच. दुपारचे चार होत आले की नानासो उठून बाहेर जाऊ पाहतात. "बसा," लीलाबाई म्हणतात, आणि ते बसतात.

मित्रांनो, फडक्यात गुंडाळून ठेवली म्हणजे वस्तू जपली असे होत नाही. ती कुणाच्या हाती देताना तिचा स्वभावही सांगावा लागतो. दारावर थाप पडली असली, तरी तेवढे दोन शब्द सांगूनच माणसाला जाऊ द्या.