शून्य मीटरवरचा कारखाना

"पूर नाही," मेहुणे मोबाइलवर वाचत होते. "दरड नाही. भूकंप, सौम्य. वीज पडण्याची शक्यता, सगळ्यांना असते तेवढीच."

हे मेहुणे आमचे नव्हेत. आमचं घर विकत घ्यायला आलेल्या गृहस्थांचे. गृहस्थांना घर पसंत होतं. त्यांच्या बायकोने तर मनातल्या मनात आमचा पलंग बाहेर काढून तिथे स्वतःचं कपाट लावलं होतं. मेहुण्यांना मात्र आल्यासारखं काहीतरी करायचं होतं, म्हणून त्यांनी ती सरकारी साइट उघडली. पत्ता टाकला की आसपासचे सगळे धोके दाखवते, नैसर्गिक आणि औद्योगिक. फुकट.

"मोठा रासायनिक कारखाना," मेहुणे म्हणाले आणि थबकले. "वीस टाक्या. चाळीस कामगार. अंतर, शून्य मीटर."

सगळ्यांनी खाली पाहिलं. खाली सतरंजी होती.

गृहस्थांनी अर्धं बिस्किट बशीत परत ठेवलं. चहा निवायच्या आत मंडळी पायऱ्या उतरून गेलीसुद्धा.

आमच्या घराची खरी अडचण या पायऱ्याच. घर उतारावर आहे, रस्त्यापासून दारापर्यंत फक्त पायऱ्या, आणि आईच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलाय. ताईच्या इमारतीत तळमजल्याची जागा रिकामी झाली होती. जागेचा मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. हे घर विकलं की ती घ्यायची, असा साधा हिशेब. त्यात कारखाना कुठेच नव्हता.

म्हणजे होता. स्वयंपाकघराच्या मागे पत्र्याची शेड आहे. दोन माणसं आत गेली की तिसऱ्याने दारातून बोलायचं, एवढी. बाबा तिथे निकेलचा मुलामा द्यायचे. नळ, हँडल, दवाखान्यातल्या खाटांचे दांडे. पायऱ्यांच्या कठड्याचे दांडेही इथलेच. ते टबात पूर्ण मावायचे नाहीत, म्हणून आधी एक टोक बुडवायचं, मग दुसरं. त्यामुळे प्रत्येक दांड्यावर मधोमध एक बारीक रेघ आहे. टब, म्हणजे टाक्या, दोनच होत्या.

मी शाळेत असताना उद्योगांची पाहणी करायला एक माणूस आला होता. पलीकडच्या गल्लीतल्या प्लेटिंगवाल्याने त्याला दहा टाक्या सांगितल्याचं बाबांना आधीच कळलं होतं. त्याच्याकडे होत्या तीन. बाबांनी वीस सांगितल्या. कामगार विचारल्यावर चाळीस. "सरकारला लहान माणूस दिसत नाही," ते जेवताना म्हणाले.

आता दिसतो. उपग्रहावरून दिसतो. बाबा गेले, शेड बंद पडली, पण ती पाहणी कुठल्यातरी कपाटात तग धरून राहिली आणि यथावकाश साइटवर चढली. नकाशावर आमच्या घराभोवती लाल वर्तुळ आहे. त्यात शाळा येते, दवाखाना येतो आणि पलीकडचा प्लेटिंगवालाही येतो. बाबांना हे बघून फार बरं वाटलं असतं.

मी साइटच्या मदत क्रमांकावर फोन लावला.

"सर, तुम्ही धोक्यापासून किती अंतरावर आहात?" पलीकडची मुलगी म्हणाली.

"आतच आहे."

"मग आधी सुरक्षित ठिकाणी जा आणि तिथून फोन करा."

मी पायऱ्या उतरून दवाखान्यापाशी गेलो, तिथून फोन केला. दवाखाना वर्तुळात आहे, अजून पुढे जा, असं ती म्हणाली. मी गेलो. काय करणार. पुलाच्या पलीकडे गेल्यावर माझी तक्रार नोंदवून घेण्यात आली.

पुढे रोज फोन, रोज तेच संगीत. शेवटी महिना संपत आला तेव्हा एक साहेब टॅब घेऊन धापा टाकत वर आले. माणूस सज्जन होता. पाणी प्यायला, शेड बघितली, दारातूनच.

"टाक्या किती होत्या, काकू?"

"दोन."

"यजमानांनी वीस सांगितल्यात."

आईने त्यांचा रिकामा पेला उचलला. "त्यांना गोल आकडे आवडायचे," ती म्हणाली.

साहेबांनी विसाचे दोन केले. मला वाटलं, सुटलो.

"आणि कामगार चाळीस नव्हतेच. म्हणजे मालक एकटेच. एक करतो."

"मी होते की," आई म्हणाली.

"तुम्ही घरी होतात ना?"

"शेड घरातच आहे."

"तसं नाही, काकू. इथे दोनच प्रकार आहेत. मालक आणि पगारी. तुम्हाला पगार होता?"

आई हसली. खूप दिवसांनी हसली.

"होता," मी म्हणालो. "दोन लिहा तुम्ही."

"पगाराचा कागद दाखवा, लिहितो." साहेब समजुतीच्या सुरात आले. "हे बघा काकू, जबाब एक तर कामगाराचा चालतो, नाहीतर शेजाऱ्याचा. तुम्ही शेजारीण म्हणून सही करा. मालक एकटेच काम करायचे, एवढंच. संध्याकाळपर्यंत वर्तुळ गायब."

"कोणाची शेजारीण?"

"यजमानांची."

"आई, करून टाक सही," मी म्हणालो. "कोण बघतंय."

"सगळे बघतात म्हणूनच तर घर विकलं जात नाहीये," आई म्हणाली. ती बोटं चोळत होती. निकेलच्या पाण्याने लागलेली खाज अजून अधूनमधून उठते. "ॲसिड मी ओतायचे. नळ तारेला बांधून बुडवायचे मी, काढायचे मी, धुवायचे मी. हे पॉलिशच्या चाकावर, बफवर बसायचे, ते गाणी म्हणत. टाक्या दोन झाल्या ना? झालं तर. चाळीस राहू द्या."

"चाळीस असतील तर कारखाना मोठाच धरतात, काकू. वर्तुळ जाणार नाही."

"राहू दे."

"पण दोन टाक्यांवर चाळीस माणसं?"

"शिफ्टमध्ये यायची," आई म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीकडे.

ताईने फोनवर आम्हा दोघांना ठार वेडे म्हटलं. ते मान्य करून मी फोन ठेवला. तळमजला दुसऱ्या कोणीतरी घेतला. साइटवर आमचा कारखाना आता नव्याने तपासलेला म्हणून दिसतो, शेजारी हिरवी टिकली.

परवा आईला डॉक्टरांकडून घेऊन आलो. अर्ध्या पायऱ्या चढल्यावर ती खाली बसली. मी पिशवी घेऊन उभा. म्हटलं, झाली असती एक सही, तर आत्ता सपाट जमिनीवर चालत असतीस. ती गुडघा चोळत राहिली. मग माझंच मला कसंतरी वाटलं.

"दमलीस?"

"चाळीस जणांचे गुडघे आहेत," आई म्हणाली. "वेळ लागणारच."

मग तिने कठड्याच्या दांड्याला हात घातला, मधल्या रेघेवर, आणि उठली.