पदराआडचा वळ

मित्रांनो, शाहूपुरीत एक फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या काचेच्या कपाटात, प्लास्टिकच्या फुलांशेजारी जो काळा, दोन डोळ्यांचा जुना कॅमेरा बसलेला दिसेल, तो मी. हल्लीची मुलं मला पाहून ‘हा रेडिओ आहे का?’ असं विचारतात. विचारू देत. वय झालं की माणसांनाही बरंच ऐकून घ्यावं लागतं, मी तर एक वस्तू.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला, पण त्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतात ते माझा मालक कृष्णात याचे हात. त्याने मला कुणाकडून तरी जुनाच विकत घेतलं आणि पोटच्या पोरासारखं सांभाळलं. माझी रीत इतर कॅमेऱ्यांहून वेगळी. मला डोळ्याला लावत नाहीत. पोटाशी धरतात आणि मान खाली घालून माझ्या डोक्यावरच्या काचेत बघतात. माझा वरचा डोळा नुसता बघतो, त्याने पाहिलेलं कुठेच उतरत नाही. खटका दाबला की खालचा डोळा उघडतो आणि त्याला दिसेल तेवढंच फिल्मवर उमटतं. मित्रांनो, एवढं ध्यानात ठेवा.

आम्ही दोघांनी लग्नं केली, बारशी केली, शाळांचे गटफोटो काढले. पण कृष्णातचं नाव झालं ते शेवटच्या फोटोसाठी. कागलपासून कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत लिंगायत घरांत कुणी गेलं की त्या माणसाला अंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून, भिंतीशी टेकवून बसवतात. सगेसोयरे भोवती बसतात आणि एक फोटो निघतो. पुष्कळांच्या नशिबी तो पहिलाच फोटो असे. कृष्णात आधी हात जोडायचा. बाई असेल तर घरातल्या बायकांना तिचा पदर नीट करायला सांगायचा आणि मगच खटका दाबायचा. ‘कृष्णातानं फोटो काढला म्हंजे माणूस सुखानं गेल्यागत वाटतंय,’ असं लोक म्हणत. ते ऐकून मीही फुगायचो. पदर नीट करून घेण्याची हीच सवय पुढे अंगाशी आली.

पोलिसांकडे तेव्हा स्वतःचा फोटोग्राफर नसे. पंचनाम्याला ते आम्हालाच बोलावत. १९९३ च्या उन्हाळ्यात एका सकाळी हवालदार आले. कागलच्या पुढच्या एका गावात विहिरीत सून सापडली होती. तिचं नाव शिवलीला. पाय घसरून पडली, असं सासरची माणसं सांगत होती. तिची आई रत्नव्वा मलकापूरहून एसटीने निघाली होती, पण अजून पोचली नव्हती.

शिवलीला विहिरीच्या काठावर घोंगड्यावर होती. कृष्णातने मान खाली घातली आणि माझ्या काचेत ती दिसली. ओले केस. अर्धवट मिटलेले डोळे. आणि कानाखालून गळ्याभोवती गेलेला काळानिळा वळ. दोरीचा पीळ ओळखू यावा इतका स्पष्ट होता तो. कृष्णातची नजर मात्र तिच्या उघड्या पडलेल्या अंगावर गेली आणि त्याने शरमून तोंड फिरवलं.

“बाईमाणूस हाय,” तो म्हणाला. “पदर तरी नीट करा की कुणीतरी.”

सासू लगबगीने पुढे आली. पदर तिने छातीवर घेतला तो थेट कानापर्यंत नेला. कृष्णातने हात जोडले आणि खटका दाबला.

“तिची आई यायला लागलीया म्हणं. थांबायचं का जरा?” त्याने हवालदारांना विचारलं.

“कशाला? आणि रडारड. झालं न्हवं तुमचं? चला.”

आम्ही निघालो. माझ्या पोटात शिवलीलाचे चार फोटो होते आणि चारही फोटोंत तो पदर होता.

नवऱ्यावर आणि सासूवर खुनाचा खटला झाला, तो वर्षानुवर्षं रेंगाळला. गळ्यावर खूण आहे, कारण सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. रत्नव्वा साक्षीत ओरडून सांगत होती, ‘मी वळ पाहिलाय.’ पण आईचं बोलणं कोण धरतो? आरोपींच्या वकिलांनी आमचा फोटो हातात घेतला आणि विचारलं, “यात कुठे आहे वळ?” कृष्णात साक्षीला उभा राहिला. मी त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत होतो.

“तुम्ही वळ पाहिला होता?”

“ध्यानात न्हाय, साहेब,” तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. माझ्या वरच्या डोळ्याने सारं पाहिलं होतं, पण त्याला वाचा नव्हती. आपण निर्जीव आहोत याचं इतकं दुःख मला दुसऱ्या कुठल्या दिवशी झालेलं आठवत नाही. १९९९ मध्ये नवरा आणि सासू संशयाचा फायदा मिळून सुटले. कोर्टाच्या व्हरांड्यात रत्नव्वाने कृष्णातकडे एकदा पाहिलं आणि ती निघून गेली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर कृष्णात पार बदलला. आता काही झाकायचं नाही, असं त्याने मनाशी धरलं. तो आगीतून निघाला तो फुफाट्यात पडला. हायवेवर उसाच्या ट्रॉलीखाली एक तरुण गेला, तेव्हा कुणीतरी टाकलेली चादर त्याने स्वतः बाजूला केली आणि मला पुढे धरलं. एका पेपरवाल्याने फोटो मागितला, याने दिला. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या पानावर होता. पेपरवाल्याने ‘जबरदस्त’ म्हणून पाठ थोपटली. दुपारी त्या तरुणाचा भाऊ आकाराम दुकानात आला. हात उगारेल असं मला वाटलं होतं, पण तो स्टुलावर बसला.

“आमच्या म्हातारीला अजून सांगितलं न्हवतं,” तो म्हणाला. “दवाखान्यात हाय म्हणलो होतो. आज पेपर बघितला तिनं. तिला वाचाय येत न्हाय, पावणं. फोटो वाचाय लागत न्हाय की.”

त्या संध्याकाळी कृष्णातने मला पुसलं आणि या कपाटात ठेवलं. त्यानंतर माझ्यात कधी रोल भरला गेला नाही. पुढे त्याची मुलगी श्रुती दुकान बघू लागली आणि डिजिटल कॅमेरा, कॉम्प्युटर सगळं आलं. मी शोभेचा झालो.

दोन हजार सहा साली एक वाकलेली बाई पायरी चढून आत आली. मी तिला लगेच ओळखलं. कृष्णातनेही ओळखलं आणि तो उठून उभाच राहिला.

“माझ्या लेकीचा फोटो द्या,” रत्नव्वा म्हणाली. “मोठा करून द्या. भितीवर लावायचाय. दुसरा न्हाय माझ्याकडं. तोंड इसराय लागलोय तिचं.”

कृष्णातने जुनी निगेटिव्ह काढली. श्रुतीने कॉम्प्युटरवर फोटो मोठा करून एक प्रत आजीच्या हातात दिली. श्रुतीचा जीव कळवळला असावा.

“आज्जी, डोळे मिटल्यागत दिसतायत. मी कॉम्प्युटरवर उघडून देऊ? कोरी साडीपण नेसवता येती.”

“नगं बाई,” रत्नव्वा म्हणाली. “तुझ्या बाऽनं एकदा झाकलं. तू आता उघडू नगं. आणि खोटं नगं.”

कृष्णात खाली बसला. “अव्वा, चुकलं माझं. तुमची लेक उघडी दिसू नये म्हणून केलं मी.”

“ठाव हाय.” ती फोटोकडे बघत होती. “लई चांगला काढलासा. निजल्यागत दिसतीया. म्हणून तर सुटली की ती मायलेकरं. मी विहिरीवर पोचलो, पदर काढला, तवा दिसला वळ. तवर तुमी गेलतासा.”

मग तिने काय केलं, ठाऊक आहे? अंगठ्याच्या नखाने तिने फोटोतला पदर हळूच खरवडायला सुरुवात केली. गळ्यापाशी. लेकराच्या तोंडावरची साय काढावी तसं. कागदावर पांढरा ओरखडा उमटला. त्याखाली वळ नव्हता, कारण मी तो टिपलाच नव्हता. श्रुतीने दुसरी प्रत काढायला हात पुढे केला, पण रत्नव्वाने तोच फोटो पदरात गुंडाळला आणि ती पायऱ्या उतरून गेली.

मित्रांनो, मला पुसा, मला जपा, हे सांगायला मी तोंड उघडलेलं नाही. माझं काय, माझा रोल कधीच संपला. पण आता तुमच्या मोबाइलमध्येही कॅमेरे आले आहेत आणि तुम्ही कुणाच्याही दुःखावर ते सहज धरता. धरा, काही वेळा धरावेच लागतात. झाकलं तर खून पचतो आणि उघडं केलं तर आईचं काळीज फाटतं, हे दोन्ही मी पाहिलं आहे. यातलं कुठे काय करावं, ते मला अजून कळलेलं नाही. पण त्या सकाळी एसटी येईपर्यंत आम्ही थांबायला हवं होतं. काय झाकायचं आणि काय दाखवायचं, ते रत्नव्वाने सांगितलं असतं.