माहं बी नाव लिहा

मॅडम, तुमी मघापासून एकच इचारून राह्यल्या, बंदूक कोणाची, गोळी कोणं घातली. बंदूक आमच्या घरच्याईची, दौलतरावची. लायसनची हाय, डुकराईपासून भाजी राखाले काढलेली. गोळी बी त्यायनंच घातली. ते कुठं नाही म्हणतात? दोन दिवसापासून तिकडं कोठडीत अन्नाले शिवले नाहीत. पण चोर सोडून संन्याशाले फाशी, असं होऊ देऊ नोका. माहं बी नाव लिहा. कायले लिहाचं, ते आयका.

उज्ज्वला माही सून. दिनेश, माहा एकुलता एक, पुण्याले कंपनीत हाय. पोरगी आमच्यापाशी मळ्यातल्या घरी राहे. दीड वर्ष झालं लग्नाले. मानोऱ्याच्या बजारात आमची मेथी सगळ्याईच्या पयले सरते. लोकं म्हणत, गिरजाबाई, तुमच्या जुड्या कशा एकसारख्या. त्या जुड्या ती बांधे. कामाले नंबर एक, अन् तोंडाची गोड. लय बोले. तेच मले खुपे.

आमच्याकडं सून सासऱ्यासमोर बोलत नाही. पदर घ्याचा, तोंड मिटाचं. माही सासू तशीच राह्यली, मी बी तशीच राह्यली. बावीस वर्ष एका घरात काढले, माह्या सासऱ्यानं माहा आवाज आयकला नाही. नव्या पोरी आता हे पाळत नाहीत, ठाऊक हाय मले. पण मी जळकी. मले वाटे, म्या सोसलं त हिनं काहून नाही सोसाचं? लग्नाच्या आठव्या दिवशी ती यायले, सासऱ्याले, म्हणाली, "मामाजी, चहा घेता काय?" म्या सैपाकघरात नेऊन तिले असं झापलं का पोरगी दोन दिवस जेवली नाही. हे म्हणले, "बोलू दे ना वं, लेकीसारखी हाय." म्या म्हटलं, "तुमी गप राहा. सुनेले वळण पाह्यजे." राह्यले गप. माह्या तोंडाले कोण लागते.

मंग तिनंच एक रीत काढली. यायनं भायेरून काही इचारलं का ती भांड्यावर उलथनं वाजवे. एकदा वाजलं त 'नाही', दोनदा वाजलं त 'हो'. पाणी तापलं काय? टण टण. हे हासत. हासू त मले बी ये, खोटं कायले बोलू.

गेल्या महिन्यात आमच्या मांगच्या मळ्यात चोर घुसले, दिवसाढवळ्या. तिथली धुरपताबाई घरी एकटी होती. तिले खाटेले बांधलं अन् कानातलं ओरबाडून नेलं, पाळीसकट. तवापासून यायनं बंदूक पेटीतून काढली अन् पुढच्या खोलीत दाराआड उभी केली. भरून. भरून ठेवा म्हणणारी बी मीच. म्या म्हटलं, रिकाम्या बंदुकीले चोर भेते काय?

परवा बजार होता. उज्ज्वला इंझोरीले माहेरी गेलती, येणार होती रविवारी. आदल्या दिवशी म्या फोनवर कुरकुर केली, माही कंबर मोडून राह्यली, तुह्याबिगर जुड्या काही होत नाहीत. ती हासली. म्हणाली, "रविवारी आलीच म्हणून समजा, आई." अन् कोणाले न सांगता परवाच निंगून आली. घराले कुलूप. मांगच्या दाराची कडी फटीतून बोट घालून निघते, हे तिले ठाऊक. आत गेली अन् आमच्यासाठी भाकरी टाकाले बसली. टोपल्यात पाच भाकरी होत्या, त्या म्या नंतर पाह्यल्या.

आमी चार वाजता मुकेशच्या टेम्पोतून उतरलो. मुकेश म्हणजे यायचा पुतण्या. पुढचं कुलूप उघडलं त आत सैपाकघरात कायतरी खुडबुड. म्या यायचा हात धरला अन् हळूच म्हटलं, "आत हाय कोणी. बंदूक घ्या." हे म्या म्हटलं, मॅडम. लिहा.

सैपाकघराच्या दाराले परदा हाय. यायनं बंदूक परद्यावर धरली. आवाज देला, "कोण हाय आत?" आतून टण टण. यायनं आणखी एक बार इचारलं. आणखी टण टण. मंग यायनं घोडा दाबला.

तो आवाज म्या बी आयकला होता. दीड वर्ष रोज आयकलेला आवाज. पण ती त इंझोरीले हाय, असं डोस्क्यात पक्कं बसलेलं. मले वाटलं, चोरानं सळई उचलली, आता येते आमच्या अंगावर. अन् ती बिचारी आतून सांगून राह्यली होती, मी हाय मामाजी, मी. परद्यापलीकडं बंदूक हाय हे तिले काय माहीत. तोंडानं एक शब्द बोलली असती त आज मेथी तोडत असती. नाही बोलली, काहून का मी बोलू देत नव्हती.

मुकेशनं टेम्पो दवाखान्याकडं पळवला. मांगं आमी तिघं. तिचं डोकं माह्या मांडीवर, पोटावर माहा पदर दाबून धरलेला, अन् तो भिजूनच राह्यला होता. हे तिच्या पायापाशी बसले. सासरा असून सुनेच्या पायाले हात लावत अन् म्हणत, "माय, एक बार बोल माह्यासंगं. शिवी दे मले. पण बोल."

आता तुमी इचारलं ना, मराच्या आंधी सून काही बोलली काय, त्याच्यावर केस हाय म्हणून. त आयका. तिले शुद्ध होती. तिनं ओठ उघडले. अन् मंग मान वळवून माह्याकडं पाह्यलं. मले इचारून राह्यली होती, मॅडम. आई, बोलू काय, असं. डोक्यावरून पदर घसरला होता, तो बी हातानं चाचपडत होती.

माह्या तोंडातून आवाज निंगाला नाही. एवढी तोंडाळ बाई मी, अख्खा बजार भेते मले. नुसती मान हालवली असती तरी झालं असतं, ते बी सुचलं नाही. ती माह्या तोंडाकडं पाहत थांबली. मंग नुसतीच पाहत राह्यली. तवा म्या म्हटलं, "बोल वं माय." दवाखाना येवोस्तोर मी तेच म्हणत राह्यली.

लिहा मॅडम. सून काही बोलली नाही. सासूनं बोलू देलं नाही.