कोरड्या केसांची सुट्टी

"सर, तुमच्या फोटोतली माणसं कधीच ओली का नसतात?"

तोंड माझं होतं, पण प्रश्न आमच्या अख्ख्या ग्रुपचा होता. वर्गात मला सगळ्या ‘पोस्टर’ म्हणतात, कारण या हॉटेलवाल्यांच्या जाहिरातींत मी चौथीपासून झळकतेय. वाळूत पळणारी मुलगी मीच, ग्लासातली नळी ओठांत धरून डोळे मिटणारी मीच, आणि लांब कुठेतरी बोट दाखवणारीही मीच. (तिकडे काहीही नसतं.) सुट्टी लागायच्या दिवशी आमच्या ग्रुपमधल्या चष्मिसने शाळेच्या जिन्यात माझा एक जुना फोटो सगळ्यांसमोर धरला आणि म्हणाली, "काय गं पोस्टर, समुद्रातून बाहेर येतेयस ना? मग केस असे कोरडे ठणठणीत कसे? इस्त्री करून आलीस का लाटांवरून?" पोरी हसून हसून पायऱ्यांवर बसल्या. लगेच पैज लागली. हॉटेलच्या मॅनेजरला हे तोंडावर विचारायचं, नाहीतर मी भित्री.

गेल्या वर्षी मी अशी पैज घेतलीच नसती. तेव्हा मी दुकानात सुट्टे मागायलासुद्धा आईला पुढे करायचे. पण या वर्षी शाळेत पोहायला शिकले आणि काय झालं कुणास ठाऊक, पाण्यात पाय सुटले तशी माझी जीभही सुटली.

मॅनेजर आमच्या टेबलाशी उभे होते. त्यांनी प्रश्न अगदी मनावर घेतला.

"बाळ, ओला माणूस दिसला की बघणाऱ्याला थंडी वाजते," ते म्हणाले. "त्याला टॉवेल आठवतो. आपल्याला त्याला समुद्र दाखवायचाय, टॉवेल नाही."

आईच्या नाकात चहा गेला. बाबांनी टेबलाखालून माझ्या पायाला ढोसलं, चेहऱ्यावरचं हसू मात्र जागचं हललं नाही. त्यांना ती सवय आहे.

आमचं काम असं असतं. बाबा फोटोग्राफर आहेत. घराखाली स्टुडिओ आहे, तिथे ओळखपत्रांचे फोटो निघतात, पण आता ते लोक आपापल्या फोनवरच काढतात. म्हणून बाबा हॉटेलांची कामं घेतात. हॉटेल आम्हाला खोली देतं, जेवण देतं, कामाचे पैसे देतं, आणि त्याच्या बदल्यात आम्ही तिघं सुट्टीवर आलेलं सुखी कुटुंब होतो. बाबाही फोटोत असतात. कॅमेरा तिपाईवर लावायचा, दुरून क्लिक करायचं बटण मुठीत लपवायचं आणि धावत येऊन आमच्यात बसायचं. त्या बटणाचा आवाज आमच्या अंगात इतका भिनलाय की घरी कुणी पेन टिचकावलं तरी आई मान सरळ करते.

आमचा चहा संपल्यावर मॅनेजर म्हणाले, "एक चांगली बातमी आहे. आमचं दुसरं हॉटेल उघडतंय, तेही समुद्रावरच. पुढच्या सुट्टीत तिथलं काम करायचंय, आणि साहेबांनी सांगितलंय, हेच कुटुंब हवं. लोक तुम्हाला ओळखायला लागलेत हो!"

बाबांचा चेहरा असा उजळला की त्याला दिवा लावायची गरज नव्हती. मी मात्र हातातलं बिस्किट तसंच बशीत ठेवलं.

कारण पुढच्या सुट्टीत पोहण्याचं शिबिर होतं. शाळेच्या संघात माझी निवड झाली होती. आमच्या पोहण्याच्या बाईंनी कालच निरोप धाडला होता: ‘आज-उद्या कळव. उद्या संध्याकाळी यादी पाठवते. तुझं उत्तर नाही आलं तर तुझी जागा दुसरीला जाईल.’ उद्या म्हणजे आज. आणि मी घरी निवडीबद्दलच काही बोलले नव्हते. सांगितलं असतं तर बाबा म्हणाले असते, "बघू." आमच्या घरात ‘बघू’ला एकच अर्थ आहे, आणि तो मला आवडत नाही.

"काय गं, खुश ना?" बाबांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. लाज वाटली. मॅनेजरला वाट्टेल ते विचारणारी मी, स्वतःच्या बापासमोर ‘हो’ म्हणून मोकळी!

मग सुरू झालं थांबणं. आमच्या कामात फोटो थोडा आणि थांबणंच जास्त. आकाश फार रिकामं आहे, एखादा ढग येऊ दे. आता ढग फार झाले, जाऊ दे. ऊन डोक्यावर आहे, डोळ्यांखाली काळं पडतं, तिरपं होऊ दे. तोवर मी छत्रीखाली बसायचं. पाण्यात जायचं नाही, केस बिघडतात. उन्हात जायचं नाही, नाक लाल होतं आणि मग सकाळचं नाक आणि संध्याकाळचं नाक जुळत नाही. वाळूत लोळायचं नाही, पांढरा फ्रॉक. समोरच्या ताटातली कलिंगडाची फोड खायची नाही, तिला चमक यावी म्हणून बाबांनी तेल लावलंय. मी एकदा चाटून बघितली होती. पुन्हा चाटणार नाही.

आणि समोर तो अख्खा समुद्र! लहान लहान मुलं किंचाळत आत जात होती, तोंडात पाणी जाऊन ठसकत बाहेर येत होती आणि लगेच पुन्हा आत. एक आजोबा टोपीसकट पाठीवर तरंगत होते. किनाऱ्यापासून जरा आत लाकडी तराफा नांगरून ठेवला होता, त्यावरून दोन मुली हात धरून उड्या मारत होत्या. माझे पाय आपोआप हलायला लागले. बसल्या बसल्या वाळूत लाथा.

"एका जागी बस की गं," आई म्हणाली. "छत्री हलतेय."

आई पुस्तक धरून बसली होती. ते निळं पुस्तक फ्रॉकला जुळतं म्हणून कितीतरी वर्षं आमच्याबरोबर फिरतंय, आणि आई दरवेळी तेच मधलं पान उघडते. त्या पानावर कुणीतरी दार वाजवतं. दारात कोण होतं हे तिला अजून माहीत नाही.

मी जरा चाचपून बघितलं. "आई, समजा पुढच्या वेळी मी नाही आले तर?"

"का? काय झालं?"

"काही नाही. समजा."

तिने पुस्तक मांडीवर ठेवलं. "मग आम्ही तरी कशाला जाऊ? कुटुंब म्हणजे तिघं लागतात त्यांना." मग आजूबाजूला बघून हळूच म्हणाली, "तुला कंटाळा येतो, मला दिसतं. पण खरं सांगू? मला आवडतं. एरवी तुझे बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवतात का कधी? इथे दिवसातून दहा वेळा ठेवतात."

"ते फोटोसाठी, आई."

"असू दे. हात तर त्यांचाच असतो."

मी तिची पिशवी जवळ ओढली. फोन आईच्या पिशवीत होता (फ्रॉकच्या खिशात ठेवला की फुगवटा दिसतो), आणि मला सारखं वाटत होतं की तो वाजतोय. दोनदा काढून बघितला. वाजला नव्हता. चष्मिसने मात्र लिहिलं होतं, ‘विचारलंस का?’ मी लिहिलं, ‘विचारलं!!’ आणि ते दोन उद्गारचिन्हांचं शौर्य बघून मला स्वतःचाच राग आला.

तेवढ्यात मॅनेजर बाबांना गच्चीवर घेऊन गेले, वरून किनारा कसा दिसतो ते बघायला. आई पुस्तकाच्या त्या पानावर झोपून गेली.

मी उठले. आधी फक्त पावलं बुडवायची, असं ठरवलं होतं. खरंच. मग गुडघे. मग एक लाट आली आणि तिने मला ठरवायला वेळच दिला नाही.

पहिल्यांदा मी सपाटून आपटले. नाकात मीठ, तोंडात मीठ, फ्रॉक डोक्यावर. शाळेच्या तलावात तळाला काळी रेघ असते, तिच्यावरून सरळ जायचं, भिंत आली की वळायचं. इथे रेघ नाही, भिंत नाही. पाणी मला खाली-वर करत होतं आणि मी घाबरून हात मारत होते, मोजून मारायचं विसरून. मग कुठूनतरी बाईंचा आवाज आठवला, ‘श्वास सोड आधी, मग घे!’ मी पाण्यात तोंड घालून जोरात श्वास सोडला. पुढची लाट खालून आली, मी तिच्यावर चढले, आणि पुढच्या क्षणी मी पोहत होते. समुद्रात! इतकी वर्षं ज्याच्या काठावर उभी राहून बोट दाखवत होते, त्याच्या आत!

तराफ्याला हात लावला तेव्हा त्या दोन मुलींनी मला वर ओढून घेतलं.

"फ्रॉकमध्ये?" एकीने विचारलं.

"घाईत होते," मी म्हणाले.

आम्ही तिघींनी हात धरून उड्या मारल्या. किती, ते आठवत नाही. कुणीही फोटो काढला नाही.

परत आले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. बाबा तिपाई लावून तयार होते. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. ओरडले असते, पण मागे मॅनेजर उभे होते आणि सूर्य काही आमच्यासाठी थांबणार नव्हता. मॅनेजरनी माझ्या केसांकडे बघून तोंड वाकडं केलं आणि टॉवेल आणायला कुणाला तरी हाक मारत आत गेले. बाबा धावत आले, आमच्यात बसले, आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसले. आम्हीही हसलो.

क्लिक.

"कुणाला विचारून गेलीस?" बाबा दात न उघडता म्हणाले.

"कुणालाच नाही." मीही दातांतूनच.

"एकटी पाण्यात! काही झालं असतं म्हणजे? हनुवटी खाली."

क्लिक.

"मला पोहता येतं, बाबा."

"तलावात येतं. समुद्र म्हणजे काय तलाव आहे? डावीकडे बघ. अक्कल गहाण टाकलीये पोरीने. छान, अशीच बघ."

"अहो, हळू," आई गोड हसत म्हणाली. "लोक बघतायत."

क्लिक.

"मी शाळेच्या संघात आहे," मी म्हणाले. "निवड झालीये. पुढच्या सुट्टीत शिबिर आहे."

यावेळी क्लिक झालंच नाही. बाबांची मूठ तशीच राहिली.

"आम्हाला का नाही सांगितलंस?" आईने विचारलं. ती अजून कॅमेऱ्याकडेच बघत होती, पण हसू थोडं सैल झालं होतं.

"बाबा म्हणाले असते, बघू."

"मी कशाला म्हणेन?" बाबा म्हणाले. लाटेने तिपाईचा एक पाय ओला केला, तरी ते उठले नाहीत. "पण मॅनेजरला काय सांगू? सकाळीच हो म्हणून बसलोय. त्यांना हेच कुटुंब हवंय. तू नसशील तर काम गेलं समज."

"तीन दिवसांचं काम. शिबिर मधेच सोडून येता येईल ना तुला?" आई म्हणाली. "दोन्ही होईल."

"नाही येत, आई. मधेच निघून गेलं की संघातून नाव जातं."

"मग बघू," बाबा म्हणाले, आणि म्हणता क्षणी त्यांच्याच लक्षात आलं. त्यांनी ओठ मिटले.

त्यांच्या मुठीतलं बटण आता वाळूत पडलं होतं. फोटो निघत नव्हता, कुणी मोजत नव्हतं, पण त्यांचा हात आईच्या खांद्यावर तसाच होता, आणि तो तिथे आहे हे बहुतेक त्यांना माहीतही नव्हतं. आईला मात्र माहीत होतं. ती अजिबात हलत नव्हती.

मॅनेजर टॉवेल घेऊन येताना दिसत होते. आईच्या पिशवीतून मी फोन काढला, ओल्या बोटांनी तो उघडेचना, फ्रॉकला पुसायला गेले तर फ्रॉक त्याहून ओला.

"आई, बाबा," मी म्हणाले, आणि हसायचं थांबवलं. "मी बाईंना कळवतेय, येते म्हणून. पुढच्या सुट्टीत मी शिबिराला जाणार. मॅनेजरना मीच सांगते, तुम्ही नका सांगू. त्यांना हवं असेल तर फोटोत तुम्ही दोघंच बसा."