सम्यकचा फोन

"भीमराजदादा, एक बाजू बंद करावी लागेल," कंट्रोल रूममधून राजेश फोनवर म्हणाला. "सगळं चालू ठेवलं तर जनरेटर येईपर्यंत बॅटरी पुरणार नाय."

विक्रोळीतल्या एका गच्चीवर, भर दुपारी, भीमराज मोबाइल टॉवरच्या कपाटासमोर घाम पुसत उभा होता. रस्ता खोदताना कुणीतरी विजेची केबल तोडली होती. आजूबाजूचे टॉवर केव्हाच बंद पडले होते. या टॉवरच्या रेंज देणाऱ्या तीन बाजू: हॉस्पिटलकडची, हायवेकडची आणि टेकडीवरच्या वस्तीकडची. हॉस्पिटल बंद करायचा प्रश्नच नव्हता. हायवेवर कुणाची गाडी ठोकली तर त्याने फोन कुठून करायचा? राहिली वस्ती. वस्तीत भीमराजचं घर होतं, आणि घरात त्याची बायको सुंदराबाई मांडीवर फोन घेऊन बसली होती.

त्यांचा मुलगा सम्यक मालवाहू जहाजावर फिटर. जहाज किनाऱ्याजवळून जाताना थोडा वेळ रेंज मिळायची, तेवढ्यात तो आईला फोन करायचा. आज दुपारी जहाज कोचीनजवळून जाणार होतं, तब्बल दोन महिन्यांनी.

भीमराजने बायकोला फोन लावला. खाली हॉस्पिटलच्या रस्त्यावर येऊन थांब, एवढंच सांगायचं होतं. तिने कट केला. पुन्हा लावला, पुन्हा कट. सकाळीच बजावलं होतं तिने, "आज मला कुणी फोन करायचा नाय. त्याला बिझी लागेल." या बाईपुढे भल्याभल्यांनी हात टेकले होते. आणि मेसेज तर ती कधी उघडायचीच नाही.

"दादा, केलं का बंद?" राजेशचा पुन्हा फोन आला.

भीमराजला अगदी रडू आलं. त्याने वस्तीकडचा स्विच खाली केला.

थोड्या वेळाने त्याचाच फोन वाजला. "पप्पा, आईचा फोन लागत नाय! बरी आहे ना ती?"

"बरी आहे रे. मीच बंद केलंय नेटवर्क. तू कसा..."

"मी बराय. आईला सांगा..." आणि रेंज गेली.

संध्याकाळी घरी आल्या आल्या त्याने सगळं सांगून टाकलं.

"तुमचा फोन मीच कट केला," सुंदराबाई म्हणाली. "हॉस्पिटलचं चालू राहिलं ना?"

"राहिलं."

"आवाज कसा होता ओ त्याचा?"

भीमराजने घसा खाकरला आणि सम्यकसारखं, थोडं नाकातून म्हणाला, "आई, मी बराय."

सुंदराबाई खुदकन हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने पदराने ते पुसले, फोन कानाला लावला आणि भीमराजकडे पाठ करून विचारलं, "जेवलास का रे?"

"जेवलो, आई," भीमराज म्हणाला.