उसनं बाळ

"आली बाई काटेवाली! आता तोलेल सगळ्यांना वांग्यांसारखं!" नळावरून थोरली जाऊ ओरडली आणि गल्लीतल्या चार दारांना आतून कड्या लागल्या.

काटेवालीला हे नवीन नव्हतं. याच गावची सून, सर्वेच्या कामाला लागून तीन वर्षं झालेली. खांद्याला काटा, बगलेत फॉर्मांचा गठ्ठा. घरात माणसं किती, पाणी कुठलं पिता, पोराचं वजन किती, असं विचारत उन्हातान्हात हिंडायचं आणि वर बोलणी खायची. गल्लीला भीती एकच. वजन कमी भरलं की पोराला शहरातल्या दवाखान्यात पंधरा दिवस ठेवतात, आईनं सोबत राहायचं. तेवढ्यात कांदे काढायला मुकादम दुसरी बाई लावून मोकळा.

म्हणून गल्लीनं तोडगा काढला होता. थोरलीचं बाळ गुटगुटीत. सर्वेच्या दिवशी ते मागच्या दारांनी घरोघर फिरायचं.

थोरलीच्या धाकट्या जावेच्या दारात काटेवालीनं काट्याची झोळी टांगली. धाकटीनं लाल टोपडं घातलेलं बाळ आणून ठेवलं.

"हे तुझं?"

"मग काय शेजारणीचं?"

"दोन दारं अलीकडे पिवळ्या टोपड्यात तोललंय मी याला. दमलं असेल बिचारं. तुझं आण."

धाकटीचं हसू मावळलं. "निजलंय ते."

"उठव."

"ताई, कांदे निघेपर्यंत थांबा ना. आठच दिवस. मग मीच घेऊन येते, तुमच्या पाया पडते. आत्ता गेले तर मोठ्या दोघी पोरींना काय घालू, माती?"

आतून रडणं ऐकू आलं. रडायलाही अंगात जोर लागतो, तेवढासुद्धा त्या आवाजात नव्हता.

उठून आत जायला हवं, हे काटेवालीला कळत होतं. पण तापानं फणफणलेल्या लेकीला घरी टाकून एकदा तीही अशीच कांदे काढायला गेली होती. तिनं मान खाली घातली आणि लिहिलं, नऊ किलो.

"आठ दिवस हं. नवव्या दिवशी मी उचलून नेईन."

सहाव्या दिवशी धाकटीच्या बाळाला जुलाब लागले. सातव्या दिवशी दुपारी ते गेलं.

मृत्यूचा फॉर्म घेऊन काटेवाली आली, तेव्हा धाकटी उंबऱ्यावर बसून होती. मुकादमानं दुसरी बाई लावलीच होती.

"मागचं वजन मी खोडते," काटेवाली म्हणाली. "काम गेलं तर जाऊ दे माझं. चुकलं ते माझंच."

धाकटीनं तिचा हात धरला. "नका खोडू. घरात कधी पोटभर मिळालं नाही त्याला. तुमच्या कागदावर तरी धष्टपुष्ट राहू दे."

"अगं, नऊ किलोचं पोर गेलं म्हटल्यावर साहेब म्हणणार, गल्लीत सगळं ठीक आहे. मग बाकीच्या पोरांकडे कोण बघेल?"

 धाकटीनं तिचा हात सोडला.

काटेवालीनं आकडा खोडला. पेन तसंच अडून राहिलं. "खरं किती होतं गं?"

"तोललं कुठं होतं कधी?"

धाकटीनं दोन्ही हात पुढे केले, बाळ घ्यायला करतात तसे. डोळे मिटले. रिकामे हात किंचित खाली झुकले, थांबले.

"एवढं होतं, ताई," ती म्हणाली. "लिहा."