म्हस्कूआबांची चंची

मित्रांनो, मी एक जुनी चंची आहे. पान, सुपारी, चुना, तंबाखू असा सगळा संसार पोटातल्या कप्प्यांत सांभाळणारी, नाडीनं गुंडाळायची कापडी पिशवी. निमोणे गावातल्या एका शिंप्यानं मला शिवलं आणि मेंढरांमागं हिंडणाऱ्या म्हस्कूआबांच्या कमरेला मी जाऊन बसले.

पुढं मेंढरं गेली, शेती आली. माझा मान मात्र तसाच राहिला. बांधावर, पारावर, लग्नाच्या मांडवात कुणी "म्हस्कू, काढ चंची" म्हटलं की मी उलगडलेच! मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. आबांनी तो कधी मोडला नाही.

मग एका हंगामात ऊस भरताना ट्रॉलीचा फाळका, म्हणजे मागची जड फळी, निसटला आणि आबांच्या छातीवर आदळला. हृदयातली झडप फाटली. पुण्याच्या डॉक्टरांनी धातूची नवी झडप बसवली. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज दुपारी, तीही जन्मभर. दर महिन्याला शिरूरला रक्ताची तपासणी. आणि तंबाखू बंद!

संपलं माझं, असं मला वाटलं. पण आबांच्या कारभारणीनं, गिताबाईंनी, मला रिठ्याच्या पाण्यात बुचकळून काढलं, उन्हात वाळवलं आणि कप्प्यांत गोळ्या भरल्या. खरं सांगते, मला रागच आला. कुठं तो तंबाखूचा घमघमाट आणि कुठं ह्या गोळ्या!

आता मी आबांच्या कोपरीच्या, म्हणजे बंडीच्या, आतल्या खिशात राहू लागले. तिथं नव्या झडपेची बारीक टिकटिक ऐकू यायची. आबा मात्र पक्के. शेतात असोत की जत्रेत, गोळी चुकली नाही. लोक म्हणायचे, "आता बरं हाय की, कशाला खाता?" आबा हसायचे, "खातो म्हनून तर बरा हाय, येड्या!" मला त्यांचं भारी कौतुक वाटायचं.

एकदा त्यांचे लहानपणचे सवंगडी हरिबा पोट-छाती दाबत पारावर आले.

"म्हस्कू, काळजात आग पडलीया. तुझ्यातली एक गोळी दे. तुला गुण आलाय."

आबांचा हात माझ्यावर घट्ट झाला. "न्हाई देणार, हरिबा."

"तंबाखूला कवा न्हाई म्हनला न्हाईस, आन् आज मी मराय लागलो तर न्हाई म्हनतोस?"

सगळा पार बघत होता. आबांचा चेहरा एवढासा झाला. पण ही गोळी दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते, हे डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं.

"शिव्या घाल, पर गोळी मागू नगंस. चल दवाखान्यात."

त्यांनी मुलाला, हनुमंतला, मोटारसायकल काढायला लावली आणि हरिबांना मधे धरून तिघांनी शिरूर गाठलं.

हरिबांच्या पोटात जखम होती, आतून रक्त जात होतं. "ती गोळी घेतली असती तर हे वाचले नसते," डॉक्टर म्हणाले. हरिबांचे डोळे भरून आले. आबांचा हात धरून ते म्हणाले, "म्हस्कू, दुपार झाली. आधी तुझी गोळी घे."

मित्रांनो, आता मी विरले आहे, तरी एक मागणं आहे. ज्याची गोळी त्यालाच असू द्या. पण कुणी दुखणं घेऊन आलं, तर नुसतं नाही म्हणून बसू नका. त्याला धरून दवाखान्यापर्यंत जा. माझे आबा हरिबांना घेऊन गेले होते, तसं.